घोट, घास, परत घोट: बारोलोच्या वाईनमेकरकडे जेवायला जाण्याआधी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही दोघं इटलीत तोरीनोला (ट्यूरिनला) राहता, मिस्टरांच्या ऑफिसतर्फे नोव्हेंबरमध्ये बारोलो भागातल्या एका वाईनमेकरकडे पेअरिंग डिनरचं, म्हणजे पदार्थाला जुळेल ती वाईन देणाऱ्या जेवणाचं, बोलावणं आलंय, सहा पदार्थ आणि पाच वाईन्स, आणि वाईनमेकर स्वतः टेबलावर बसणार आहे. तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा वाईन घेता, मिस्टर शाकाहारी आहेत पण अंडं चालतं, आणि तुम्हाला टेन्शन आलंय की तिथं काय बोलायचं, किती प्यायची, काही चुकलं तर कसं दिसेल.

मी मूळची दिंडोरीची, घरची द्राक्षबाग, आधी नाशिकजवळ एका वाईनरीत टेस्टिंग रूम सांभाळायचे आणि गेली अकरा वर्षं इकडे लांगेच्या, म्हणजे बारोलोच्याच भागातल्या, टेकड्यांमध्ये सोमेलिए म्हणून काम करतेय, म्हणजे पाहुण्यांना वाईन निवडून देणं, उघडणं, वाढणं. अशी जेवणं मी शेकड्यानं वाढलीयेत आणि पाहुणी म्हणून बसलेही आहे, त्यामुळे जे रोज बघते तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, वाईनमेकर तुमची परीक्षा घ्यायला बसलेला नसतो. ग्लासात नाक घालून दहा वास ओळखून दाखवायचे असं काही नसतं. त्या माणसानं चार-पाच वर्षांपूर्वी तोडलेली द्राक्षं तो आज तुम्हाला देतोय, आणि त्याला एवढंच बघायचं असतं की ती त्याच्या घरच्या जेवणाबरोबर तुम्हाला कशी लागली. नुसती वाईन चाखायची तर तो तुम्हाला सकाळी अकराला कान्तीनात, म्हणजे तळघरात, बोलावून दोन पाहुण्यांमध्ये एक थुंकदाणी ठेवून चाखवू शकला असता. जेवायला बोलावलंय कारण इकडची वाईन जेवणाशिवाय अर्धीच कळते. हे मी मनापासून सांगतेय, आणि बारोलो ज्यापासून करतात त्या नेब्बियोलो द्राक्षाच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं आहे.

म्हणून एकच सवय घेऊन जा. प्रत्येक पदार्थ आला की आधी वाईनचा एक छोटा घोट, मग एक घास, तो नीट चावून गिळायचा, आणि मग परत घोट. घोट, घास, घोट. दुसरा घोट पहिल्यासारखा लागला का? मऊ झाला, आंबट झाला, कडू झाला, की गोडसर झाला? बस, पेअरिंग म्हणजे एवढंच, बाकी सगळी भाषा यावरच उभी आहे. आणि तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही वाईनमेकरला "आधी तुरट होती, मांस खाल्ल्यावर तुरटपणा गेला" एवढं जरी सांगितलंत ना, तरी तो खुर्ची ओढून तुमच्याकडे वळेल, कारण निम्मे पाहुणे लेबल, किंमत आणि समीक्षकांनी दिलेल्या पॉइंट्सच्याच गप्पा मारत असतात.

तुरट हा शब्द मुद्दाम वापरला. टॅनिनबद्दल लोकांना समजावताना मला इकडे बराच वेळ जातो, आणि आपल्याकडे मात्र तो रस लहानपणापासून माहितीये. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, सुपारी चावल्यावर गाल आतून ओढल्यासारखे होतात, कच्चं केळं, आवळा, ते टॅनिन. सालातून, बियांतून आणि थोडं लाकडाच्या पिंपातून ते वाईनमध्ये येतं. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं आणि तोंडातला गुळगुळीतपणा जातो, म्हणून कोरडं वाटतं. आता तोंडात आधीच मांस, चीज, अंड्याचा बलक असं प्रथिनं आणि स्निग्धता असलेलं काही असेल तर टॅनिन त्याला जाऊन चिकटतं आणि तुमची जीभ सुटते. एकदा मी घरून आणलेला मीठ लावून वाळवलेला आवळा एका वाईनमेकरला दिला, सत्तरीतला माणूस, बारोलोतच जन्मलेला. त्यानं तो चघळला, तोंड वाकडं केलं, मग मी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी गोड लागलं तसा तो गप्पच झाला, परत एक तुकडा मागितला, परत पाणी प्यायला, आणि मग आत जाऊन बायकोला बोलावून आणलं तिलाही द्यायला. पुढचा अर्धा तास आम्ही वाईन सोडून आवळ्यावरच बोललो. तर सांगायचं काय, तुमच्याकडे शब्द नाहीत असं समजू नका, तुमच्याकडे तुरट आहे, आंबट आहे, कडवट आहे, गुलकंदाचा वास आहे, ज्येष्ठमध आहे, पावसानंतरच्या मातीचा वास आहे. ते तुमच्या भाषेतून इंग्रजीत किंवा तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये सांगा, त्याला कळतं.

आता संध्याकाळ साधारण कशी जाते ते सांगते. साडेसात-आठला सुरू होतं. आधी कदाचित तळघरात फिरवतील. नेब्बियोलो उशिरा पिकतं, तोडणी बहुतेक ऑक्टोबरात, त्यामुळे नोव्हेंबरात तळघरात नवीन वाईनचा वास भरून राहिलेला असतो, थोडा यीस्टचा, थोडा ठेचलेल्या फळाचा, तो वास नुसता घ्या, काही बोलायची गरज नाही. तिथं मोठमोठी लाकडी पिंपं दिसतील, काही हजार लिटरची, त्यांना बोत्ती म्हणतात, आणि कदाचित छोटी 225 लिटरचीही दिसतील, ती बारिक. या छोट्या-मोठ्या पिंपांवरून इथं 1980 आणि 90 च्या दशकात घराघरात भांडणं झालीयेत, मुलगा नवीन फ्रेंच पद्धतीची छोटी पिंपं आणायचा, बाप बोलायचा बंद व्हायचा. छोट्या नव्या पिंपात वाईन लवकर मऊ होते आणि व्हॅनिलासारखा वास येतो, मोठ्या जुन्यात हळू हळू होते आणि लाकडाचा वास जवळपास येतच नाही. आज बरेच जण मधला मार्ग काढतात. तुम्ही फक्त विचारा की तुम्ही मोठी पिंपं का ठेवलीत, किंवा छोटी का, आणि ऐका, घरचा इतिहास निघतो.

बारोलो हे गावाचं नाव, वाईनचंही नाव. अकरा गावांच्या हद्दीतल्या टेकड्यांवरची फक्त नेब्बियोलो द्राक्षं चालतात, दुसरं काही मिसळायचं नाही. कायद्यानं तोडणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवायची, त्यातले निदान 18 महिने लाकडात, आणि लेबलवर रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, असं लिहायचं असेल तर 62 महिने. शेजारच्या बार्बारेस्कोला, तीही नेब्बियोलोचीच वाईन, 26 महिने. आपल्याकडे द्राक्षाचे पैसे कधी हातात येतात हे घरी बघितलंय म्हणून मला हा आकडा फार मोठा वाटतो. तीन वर्षं दोन महिने माल घरात आणि पुढच्या तोडणीचा खर्च सुरूच.

टेबलावर बसलात की बहुधा पहिली आल्ता लांगा येईल, फुग्यांची वाईन, शार्दोने आणि पिनो न्वारची, बाटलीतच परत आंबवलेली. बरोबर ग्रिस्सिनी, त्या लांब कुरकुरीत काड्या, तोरीनोला तुम्ही रोज बघत असाल. मग आंतिपास्ती. पीडमाँटमध्ये, म्हणजे तोरीनो आणि बारोलो ज्यात येतात त्या प्रांतात, या सुरुवातीच्या पदार्थांचीच मोठी रांग असते, तेव्हा इथं पोट भरू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक नवीन पाहुणा करतो. वितेल्लो तोन्नातो म्हणजे वासराच्या मांसाचे थंड पातळ काप आणि वर ट्यूना-केपर्सचा सॉस, कार्ने क्रूदा म्हणजे सुरीनं बारीक कापलेलं कच्चं मांस, थोडं ऑलिव्ह तेल, मीठ, बस. कच्चं नको असेल तर आधी सांगा, कुणी काही म्हणत नाही. याच्याबरोबर आर्नेइस नावाची पांढरी वाईन येते, तानारो नदीच्या पलीकडच्या रोएरोची, नाशपतीसारखी, हलकी. यावर फार वेळ घालवत नाही, छान असते, प्या.

मग पास्ता, आणि इथं खरं लक्ष द्या. आन्योलोत्ती देल प्लीन हे नखाएवढे भरलेले पास्ते, प्लीन म्हणजे चिमटा, प्रत्येक तुकडा बोटांनी चिमटा काढून बंद केलेला असतो. आत भाजलेल्या मांसाचं सारण. याच्याबरोबर बार्बेरा, ही इथली दुसरी लाल वाईन, आली तर घोट-घास-घोट नीट करून बघा. बार्बेरात टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर. लोणी आणि सारणाचा जड थर जिभेवर बसलाय आणि वरून हा आंबट घोट आला की तोंड धुतल्यासारखं होतं आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. आमटीत कोकम का घालतात तेच काम. इथल्या लोकांची रोजच्या जेवणातली वाईन बार्बेरा आणि दोल्चेत्तो, बारोलो सणासुदीला. बारोलोला जग डोक्यावर घेतं म्हणून बार्बेराकडे दुर्लक्ष होतं याचं मला वाईट वाटतं, तेव्हा ती नीट प्या.

नोव्हेंबर म्हणजे पांढऱ्या ट्रफलचा, जमिनीखाली वाढणाऱ्या तीव्र वासाच्या महागड्या बुरशीचा, सीझन, तर तायारीनही येईल. हा शेवयांसारखा बारीक पास्ता, किलोभर पिठाला तीस-चाळीस बलक घालून मळलेला, म्हणून पिवळाधमक. वर लोणी आणि टेबलावरच किसलेला कच्चा ट्रफल. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत, शिजवला की वास जातो, गरम पास्त्याच्या वाफेनंच तो उठतो. प्लेट आली की आधी खाऊ नका, दहा सेकंद वाफेवर नाक ठेवा. इथं चांगला यजमान कोवळी करकरीत बारोलो देत नाही, जुनी देतो, पंधरा-वीस वर्षांची, कारण जुन्या नेब्बियोलोला स्वतःलाच वाळलेल्या पानांचा, ओल्या मातीचा, मशरूमचा वास यायला लागतो आणि ट्रफलचा वास आणि वाईनचा वास एकमेकांत मिसळून जातात, कुठला कुठून येतोय ते सांगता येत नाही. मी एवढी वर्षं हे वाढतेय आणि अजूनही त्या क्षणी बोलणं थांबवते. एक व्यवहाराची गोष्ट, ट्रफल बहुतेक ठिकाणी ग्रॅमवर मोजून वेगळा लावतात, छोट्या काट्यावर आधी आणि नंतर वजन करतात. ऑफिसचं डिनर असलं तरी आधी विचारून घ्या की मेनूत धरलाय की वेगळा.

आणि ट्रफलच्याच कारणानं विनंती, त्या दिवशी परफ्यूम, अत्तर, केसांना वासाचं तेल काही नको. मोगऱ्याचा गजरा माझा जीव की प्राण आहे पण या जेवणाला नाही, तुमचा नाही तर शेजारच्याचा ग्लास त्या वासानं भरतो. जाण्याआधी तासभर कॉफी, पुदिन्याची गोळी, च्युइंगम, बडीशेपही टाळा.

मग मुख्य पदार्थ, बहुधा ब्राझातो, बीफ तासन्‌तास वाईनमध्ये मंद शिजवलेलं, आणि बारोलो. ग्लासात रंग बघून फसू नका, नेब्बियोलो फिकी असते, विटकरी-लालसर, ग्लासामागचं बोट दिसतं, आणि लोकांना वाटतं हलकी असणार. पहिला घोट घेतला की कळतं. वास गुलाबाचा, पण ताज्या नाही, वाळलेल्या पाकळ्यांचा, गुलकंदाचा, आणि त्याच्यामागे डांबराचा, उन्हाळ्यात रस्ता करताना येतो तसा. ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा सापडला की कायमचा लक्षात राहतो. सेर्रालुंगाच्या बाजूची असेल तर जास्त कडक, तुरट, वर्षानुवर्षं टिकणारी, ला मोर्राच्या बाजूची असेल तर वास आधी आणि मऊ, मातीचा फरक आहे, दोन गावं समोरासमोरच्या टेकड्यांवर दिसतात तरी.

एक जेवण मला कधी विसरता येणार नाही. यजमानानं एकाच मळ्याच्या दोन बारोलो शेजारी शेजारी ओतल्या, 2014 आणि 2016. 2016 हे इकडे सगळ्यांना गाजलेलं वर्ष म्हणून माहिती, 2014 चा उन्हाळा इथं पावसात गेला. टेबलावर सगळे 2016 चं कौतुक करत होते आणि तो 2014 चा ग्लास हातात धरून बसला होता. मग बोलायला लागला, त्या वर्षी रोज सकाळी पानं उचलून बघायची, बुरशी आली का, घड अर्धे काढून टाकले, बायको आणि तो कात्री घेऊन सप्टेंबरभर बागेत, आणि शेवटी बाटल्या नेहमीपेक्षा कितीतरी कमी निघाल्या. मी उठून ग्लासकडे गेले आणि परत चाखली. पातळ होती थोडी, पण स्वच्छ, सरळ, कुठेही कुजका वास नाही. मला माझे वडील आठवले, डाऊनी, ती द्राक्षावरची बुरशी, आला की रात्री टॉर्च घेऊन बागेत जायचे. मी त्याला ते सांगितलं, आणि मग त्याच्याशी जी मैत्री झाली ती आजतागायत आहे. म्हणून म्हणते, वाईनमेकरला वाईट वर्षाबद्दल विचारा. चांगल्या वर्षाबद्दल त्याला सगळेच विचारतात.

काय विचारायचं यावर अजून थोडं. ही बाग कुठल्या तोंडाची आहे? इथं सोरी म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेला उन्हाचा उतार, ब्रिक्को म्हणजे टेकडीचा माथा, लेबलवर हे शब्द दिसतील. बर्फ कुठल्या वाफ्यावर आधी वितळतं हे इथले जुने लोक बघून ठेवायचे, तिथं नेब्बियोलो, आणि सावलीच्या उत्तरेकडच्या उतारावर हेझलनट. जेवणाच्या शेवटी हेझलनटचा केक येईल तो त्याच सावलीतल्या उतारांचा. छाटणीबद्दल विचारा. तुमच्या ओळखीत कुणी नाशिक-सांगलीचे बागायतदार असतील तर हा विषय काढाच. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, वर्षातून दोनदा, आणि वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. इकडे वेल हिवाळ्यात झोपते, पानं गळून नुसतं लाकूड राहतं आणि तेव्हा एकदाच छाटतात. आपली वेल कधी झोपतच नाही हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्याला खरंच वाटेना, कागदावर महिने लिहून दाखवावे लागले. असा प्रश्न तुमच्याकडून आला की तुम्ही तुमच्या घराबद्दलही काहीतरी दिलंत असं होतं.

आणि वाईनमेकरच्या आजोबांबद्दल विचारा. आज इथं बाहेरून लोक गाड्या भरभरून येतात, 2014 पासून युनेस्कोच्या यादीत या टेकड्या आहेत, पण युद्धानंतरच्या काळात लांगे म्हणजे गरिबी, पोरं टेकड्या सोडून तोरीनोला फियाटच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला जायची. कोकणातून गिरणीत गेलेल्या घरांना हे लगेच समजेल. एक कडू गोष्टही आहे, 1986 मध्ये पीडमाँटमधून निघालेल्या स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघड झालं, इटलीत वीसहून जास्त माणसं गेली, काही आंधळी झाली. त्यानंतर सगळ्या इटालियन वाईनवरचा विश्वास उडाला होता आणि तो परत मिळवायला इथल्या प्रामाणिक घरांना वर्षं लागली. जेवणात हा विषय तुम्ही काढू नका, पण मनात असू द्या. आज बाटलीवर ज्याचं आडनाव आहे तोच माणूस तुमच्या समोर बसून तुमच्याबरोबर तीच बाटली पितोय, याचं वजन त्यातून कळतं.

आता मिस्टरांचं. हे आजच कळवा, त्या दिवशी नको, आणि नुसतं "वेजेतारियानो" म्हणून भागणार नाही. स्पष्ट लिहा, मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा स्टॉकही नाही, अंडं आणि दूध चालतं. कारण लपलेल्या गोष्टी खूप आहेत. पीडमाँटला समुद्र नाही पण अँचोव्ही, हे छोटे खारवलेले मासे, जागोजागी, पूर्वी लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठाबरोबर खारवलेले मासे डोंगर ओलांडून यायचे, ती चव इथल्या स्वयंपाकात मुरलीये. बान्या काउदा, ज्यात भाज्या बुडवून खातात आणि जे दिसायला अगदी शाकाहारी, ते लसूण, तेल आणि अँचोव्हीचंच असतं. हिरव्या सॉसमध्येही तेच. रिसोत्तोचा स्टॉक मांसाचा असू शकतो. पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात, बुनेत या कोको आणि आमारेत्ती बिस्किटांच्या पुडिंगमध्ये सहसा नसतं, पण अंडी असतात. चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट, दूध घट्ट करणारं, वापरतात, आणि काही वाईन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरलेला असतो, यातलं मिस्टरांना काय चालतं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण माहिती असावी. वाईनमेकरला थेट विचारलं तर तो सांगतो, बरेच जण आता काहीच न वापरता नुसती बसू देतात.

त्यांच्यासाठी मी काय मागेन? अंडं चालतं म्हणजे तायारीन लोणी-ट्रफलवर, अगदी राजासारखं. फोन्दूता म्हणजे वितळलेलं फोन्तीना चीज आणि वर अंडं. कास्तेल्मान्यो चीजमधले न्योक्की. आणि बारोलोच्या वेळी त्यांच्या पुढे नुसती ग्रिल केलेली भाजी आली तर ती वाईन त्यांना कडू आणि खरखरीत लागणार, त्यात त्यांची चूक नाही, त्या टॅनिनला धरायला प्लेटमध्ये काही नाही. म्हणून मुरलेलं चीज सगळ्यांना शेवटी येतं ते त्यांना बारोलोबरोबरच द्या असं सांगून ठेवा. पोर्चीनी मशरूम लोणी-चीजमध्ये केलेलं असेल तरी उत्तम जमतं. तिखट काही बरोबर नेऊ नका. मिरचीवर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त पेटतात, बारोलोत 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं.

किती प्यायची? हिशोब सोपा आहे. टेस्टिंगचा घोट साधारण 75 मिली, पाच वाईन्स म्हणजे 375 मिली, म्हणजे बरोबर अर्धी बाटली. वर्षातून चार-पाच वेळा घेणाऱ्याला तेवढी पुरेशी आहे, जास्तच म्हणा. अडचण पहिल्या ओतण्यात नसते, मध्ये मध्ये ग्लास भरण्यात असते, बोलता बोलता दुप्पट होते आणि कळत नाही. ग्लास रिकामा ठेवलात की भरला जाणार, म्हणून थोडी राहू द्या. ग्लासवर हलकेच तळवा ठेवून "बास्ता कोझी, ग्रात्सिए" म्हटलं की विषय संपला. वाईन ग्लासात सोडली तर अपमान होत नाही, हे खरंच मनावर घ्या, बारोलोसाठी जीभ आणि डोकं शिल्लक राहावं म्हणून आधीची सोडणारा पाहुणा वाईनमेकरला समजूतदारच वाटतो. जेवढी वाईन तेवढं पाणी. आणि गाडी नको. इटलीत रक्तात लिटरला 0.5 ग्रॅमची मर्यादा आहे, लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य, आणि नोव्हेंबरच्या रात्री त्या वळणांवर धुकं असतं, काही लोक म्हणतात नेब्बियोलोचं नावच त्या धुक्यावरून, नेब्बियावरून आलंय. टॅक्सी आधी ठरवा किंवा तिथंच मुक्काम करा, रात्री अकराला ऐनवेळी त्या गावांत टॅक्सी मिळत नाही.

बाकी वागण्याचं थोडक्यात. ग्लास दांडीला धरा, हातानं गरम होत नाही. चिन चिन, म्हणजे चिअर्स, करताना डोळ्यांत बघा. सॉस उरला तर ब्रेडच्या तुकड्यानं पुसून खा, घरगुती जेवणात यजमानाला ते आवडतं. जेवणानंतर काप्पुचिनो मागू नका, एस्प्रेसो मागा.

एखादी वाईन खराब निघाली तर? माझ्यावर हे आलंय. एका जेवणात पाहुणी होते, चौथी बाटली उघडली, वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या माळ्याचा. बुचातून येणारा हा दोष, वाईनमेकरची त्यात चूक नसते. टेबलावर दहा माणसं, सगळी मान डोलावून पीत होती आणि मी पण पाच मिनिटं गप्प बसले, पाहुणी आहे म्हणून. ते चुकलं माझं. यजमानाच्या ग्लासात दुसऱ्या बाटलीतली होती म्हणून त्याला कळलं नव्हतं, आणि दहा जण त्याची सगळ्यात चांगली वाईन तशीच समजून घरी जाणार होते. शेवटी मी उठून जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, सा दी ताप्पो, बुचाचा वास येतोय. त्यानं माझा ग्लास घेतला, वास घेतला, ताबडतोब सगळ्यांचे ग्लास गोळा केले आणि नवी बाटली आणली. तुम्हाला खात्री नसेल तर आरोपासारखं नाही, प्रश्न म्हणून विचारा, ही अशीच असते का?

शेवटी गोड. मोस्कातो द'आस्ती येईल, जेमतेम पाच टक्के अल्कोहोल, हलके फुगे, हेझलनटच्या केकबरोबर. नियम साधा, वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. चॉकलेट असेल तर बारोलो किनातो मागून बघा, बारोलोतच सिंकोनाची साल आणि मसाले मुरवलेले, पूर्वी औषध म्हणून विकायचे, वेलची-दालचिनीच्या जवळ जाणारा वास येतो कधीकधी, आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो.

निघताना बाटल्या घ्याव्याशा वाटतील. घ्यायलाच हव्यात असं नाही, पण घ्यायच्या तर सगळे पैसे एका कोवळ्या बारोलोत घालू नका, ती अजून पाच-सात वर्षं आडवी, थंड, अंधारात ठेवायची ताकद असेल तरच. लांगे नेब्बियोलो घ्या, तेच द्राक्ष, कमी मुरवलेलं, आत्ता पिण्यासारखं. आणि दोन बार्बेरा घ्या. भारतात न्यायच्या असतील तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे दोन बाटल्या निघतात. आईकडे गेलात की तिला भरलं वांगं करायला सांगा, तिखट निम्मं, दाण्याचं कूट नेहमीएवढं, आणि बार्बेरा उघडण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. कुटाच्या तेलकट गोडसरपणावर तो आंबट घोट कसा लागतो ते बघा, मी दर सुट्टीत दिंडोरीला हेच करते.